नोटीस बोर्डाची किल्ली

इंग्लंडमधल्या आमच्या खेड्याच्या कौन्सिलवर मी मेंबर झाले हे फोनवर सांगितलं, तेव्हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिला प्रश्न होता, "कुणाच्या पॅनेलमधनं?"

"पॅनेल नसतं हो अण्णा इथं."

"मग चिन्ह काय मिळालं?"

"चिन्हही नव्हतं. निवडणूकच झाली नाही."

"म्हणजे बिनविरोध. बरं. पण काहीतरी मतं पडली असतील की."

"पाच," मी म्हणाले. पलीकडं क्षणभर काही आवाज नाही, आणि मग आईला स्वयंपाकघरात ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "अगं, पोरगी मेंबर झाली तिकडं! पाच मतांवर!"

अण्णा वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात दोन टर्म ग्रामपंचायतीचे मेंबर होते. पहिल्या टर्मला अकरा मतांनी निवडून आले होते, आणि ती अकरा कुणाकुणाची हे त्यांना अजून पाठ आहे. त्यामुळं पाच मतांवर मेंबर होणं ही गोष्ट त्यांना पचायला जड गेली. मलाही नीट कळलं नव्हतंच. इंग्लंडमधल्या एका खेड्यात पॅरिश कौन्सिलवर, इथल्या ग्रामपंचायतीवर, जायचं म्हणजे नक्की काय काय करावं लागतं, ते मला टप्प्याटप्प्यानंच समजत गेलं, आणि एक टप्पा तर चांगलाच अंगाशी आला.

आम्ही राहतो सफकमध्ये, स्टोमार्केट आणि बरी सेंट एडमंड्सच्या मधल्या पट्ट्यात. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. दोनशे सत्तर मतदारांच्या गावात कुणाबद्दल लिहिलंय हे कळायला आडनावाची गरज पडत नाही. गारगोटीच्या दगडाचं चर्च, आठवड्यातून चार दिवस उघडणारा पब, पत्र्याच्या छपराचा व्हिलेज हॉल, एक बसथांबा. दुकान नाही. नवरा इप्सविचच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ, मी घरून हिशेबाची कामं करते. पहिली चार वर्षं गावाशी आमचा संबंध हात हलवून "मॉर्निंग" म्हणण्यापुरता होता.

गावातल्या बातम्या कळायची जागा म्हणजे बसथांब्याशेजारचा नोटीस बोर्ड. ओकची जाड चौकट, दोन काचेची दारं. उजवं दार सगळ्यांसाठी उघडं असतं. तिथं हरवलेल्या मांजराचा फोटो, फिरत्या वाचनालयाची गाडी कधी येणार, चर्चमधलं सुगीचं जेवण, धुराडी साफ करणाऱ्याचा फोन नंबर, कुणाकडं उरलेले कुर्जेट फुकट मिळतील ते, असं सगळं गंजक्या टाचण्यांनी एकावर एक लावलेलं. डाव्या दाराला कुलूप. आत पॅरिश कौन्सिलचे कागद, सरळ ओळीत, चारही कोपऱ्यांना टाचण्या. आपल्याकडं चावडीवर जे फळ्यावर खडूनं लिहितात, तेच हे, फक्त काचेआड.

2023 च्या सप्टेंबरमध्ये त्या काचेआड एक कागद लागला. कौन्सिलवर एक जागा रिकामी झाली आहे. चौदा दिवसांच्या आत दहा मतदारांनी मागणी केली तर निवडणूक होईल, नाही तर कौन्सिल स्वतःच कुणाला तरी सामावून घेईल. मी तो वाचला आणि पुढं चालू लागले. 'पॅरिश' म्हणजे चर्चचं काहीतरी, आपला काय संबंध, असं वाटलं होतं.

शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो गैरसमज काढला. चहा पिता पिता त्यांनी टेबलावर दोन बिस्किटं शेजारी शेजारी ठेवली. हे चर्चचं पॅरिश, त्याची वेगळी समिती. हे सरकारी पॅरिश, त्याचं कौन्सिल. पूर्वी गावाचा बराचसा कारभार चर्चच्याच सभेत चालायचा. 1894 च्या कायद्यानं तो वेगळा काढला आणि गावोगावी निवडून दिलेली कौन्सिलं आली. बाईंनी एक बिस्किट खाल्लं (चर्चचं) आणि म्हणाल्या, त्या कायद्यानं बायकांनाही कौन्सिलवर बसता येऊ लागलं, लग्न झालेल्यांनासुद्धा. पार्लमेंटला मत द्यायला मात्र आम्हाला 1918 उजाडावं लागलं. मग मला म्हणाल्या, तू हिशेब करतेस ना? मग अर्ज कर.

मी म्हटलं, माझा पासपोर्ट भारताचा आहे. त्यांना वाटलं, बहुतेक चालत असावं; मला वाटलं, शक्यच नाही. म्हणून क्लार्कबाईंना ईमेल टाकला. या क्लार्कबाई म्हणजे आपला ग्रामसेवक, फक्त आठवड्याला पाच तासांच्या पगारावरचा. शेजारच्या आणखी दोन गावांचं काम त्याच बघतात. त्यांनी उत्तरात पात्रतेचे नियम पाठवले. ते मी दोनदा वाचले. ब्रिटिश, आयरिश किंवा राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक. राष्ट्रकुलवाल्याकडं इथं कायम राहण्याची परवानगी हवी, ती माझ्याकडं होती. वय अठरा पूर्ण, आणि गावच्या मतदार यादीत नाव. तेही होतं, भारतीय पासपोर्टावर इथं मतदान करता येतं, हे इथं आलेल्या आपल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं, म्हणून हे वाक्य जरा लांबवते आहे. घराच्या करपावतीचा विषय नाही, शौचालयाचा दाखला नाही, अपत्यं किती हेही कुणी विचारत नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आमचा तो बापू तिकडं आला असता तर वाचला असता." बापूंचं पद तिसऱ्या मुलामुळं गेलं होतं.

चौदा दिवस गेले. (शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत, हे वाक्य ध्यानात ठेवा.) दहा सोडा, एकाही मतदारानं निवडणूक मागितली नाही. आमच्याकडं गावात बिनविरोध झालं तर पेपरात फोटो येतो. इथं उलट, निवडणूक झाली तर गावात चर्चा होते. त्याच वर्षी मे महिन्यात सात जागांसाठी सात अर्ज आले होते, काम संपलं. आता त्यातले एक आजोबा लेकीजवळ राहायला नॉरफोकला गेले म्हणून जागा रिकामी.

खरं सांगायचं तर पॅरिश कौन्सिलची बैठक कशी असते, याची माझी सगळी माहिती एका व्हिडिओवरून आलेली होती. चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची झूमवरची ती बैठक, डिसेंबर 2020 मधली. पुढच्या फेब्रुवारीत ती जगभर फिरली. जॅकी वीव्हर नावाच्या बाईंना अध्यक्ष सांगतात की तुम्हाला इथं काही अधिकार नाही, आणि त्या शांतपणे अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढतात. आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा ती आली होती, 'आपलीच ग्रामसभा' अशा मथळ्याखाली. तसलं काहीतरी बघायला मिळेल अशी मला आशा होती.

नोव्हेंबरची बैठक मंगळवारी संध्याकाळी साडेसातला होती. व्हिलेज हॉलमध्ये हीटर नाणं टाकून चालतो. एक पौंड टाकला की साधारण पाऊण तास ऊब, मग खटकन बंद. प्रत्येक बैठकीला कुणीतरी पहिलं नाणं टाकतो आणि नंतर सगळे एकमेकांकडं बघत बसतात. सहापैकी पाच मेंबर आले होते. तीन आले तरी बैठक चालते, म्हणजे गणपूर्तीअभावी तहकूब होण्याची भानगड सहसा येत नाही. बाहेरचे आम्ही चौघं: मी, शेजारच्या बाई, त्यांचा कुत्रा, आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली एक तरुण सायकलवाली.

सुरुवातीची पंधरा मिनिटं गावकऱ्यांना बोलायला. सायकलवाली उठली. बीटच्या हंगामात गावाबाहेरच्या वळणावर शेताच्या फाटकापाशी चिखलाचा थर बसतो, ती आठवड्यात दोनदा घसरली, गुडघा दाखवते म्हणाली. अध्यक्ष स्वतः शेतकरी. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तो चिखल माझाच आहे." एवढंच. ना टेबल बडवलं, ना विरोधकांचा हात. माझी जॅकी वीव्हर तिथंच मावळली.

मला मात्र एकदम घरी आल्यासारखं झालं. इथं ऊस नाही, पण शुगर बीट आहे. मुळ्यासारखा कंद, पांढरट, माणसाच्या डोक्याएवढा. सप्टेंबरच्या सुमाराला काढणी सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते. त्याला ते 'कॅम्पेन' म्हणतात. आपला गळीत हंगामच. बरी सेंट एडमंड्सचा साखर कारखाना 1925 पासून चालू आहे, थंडीत त्याची पांढरी वाफ लांबून दिसते. शेताच्या कडेला बीटचे लांबच लांब ढीग, रात्री लॉऱ्यांचे दिवे. फरक एवढाच की लॉरीमागं धावत बीट ओढणारी पोरं दिसत नाहीत. मी लहानपणी ट्रॉलीतून ऊस ओढताना दोनदा मार खाल्लेला आहे.

माझ्या निवडीचा विषय पाचवा होता. काय काम करता, कौन्सिलवर का यायचंय, एवढंच विचारलं. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले आणि म्हणाले की मला आकडे कळतात आणि मंगळवारी संध्याकाळी मी मोकळी असते. दुसऱ्या कारणाला जास्त माना हलल्या. पाच हात वर गेले, पाचवा थोडा उशिरा, कारण तो हीटरसाठी खिशात नाणं शोधत होता. मग क्लार्कबाईंनी एक कागद पुढं केला: पद स्वीकारल्याचं जाहीर करते आणि आचारसंहिता पाळीन. त्यावर सही केल्याशिवाय मेंबर म्हणून एक शब्दही बोलता येत नाही. मी सही केली, त्यांनी खाली केली, आणि मला टेबलापलीकडच्या खुर्चीवरून अलीकडच्या खुर्चीवर बसवलं. हार नाही, गुलाल नाही. शेजारच्या बाईंनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या, कुत्रा भुंकला.

घरी आणखी एक फॉर्म आला. अठ्ठावीस दिवसांत भरून द्यायचा: नोकरीधंदा, गावात घर-जमीन, कुणाशी करार. नवऱ्याचेसुद्धा. हे सगळं डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या वरच्या कौन्सिलच्या, वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. नवरा म्हणाला, "मेंबर तू, आणि चव्हाट्यावर मी?" दोन दिवस कुरकुर चालली. पगार किती, हा त्याचा पुढचा प्रश्न. शून्य.

आता माझा उत्साह. सहीची शाई वाळायच्या आत, त्याच बैठकीत, मी हात वर केला: चिखलाच्या ठिकाणी सूचनेच्या पाट्या लावू या, मी किंमत काढते. आज ठरवून टाकू. क्लार्कबाई गोड हसल्या. "आजच्या अजेंड्यावर तो विषय नाही." चर्चा चालेल, निर्णय नाही, अजेंड्यावर नसलेल्या गोष्टीवर ठराव केला तर तो कायद्यात टिकत नाही. कारण ज्यांना त्या विषयावर बोलायचं होतं त्यांना तो येणार आहे हे कळलंच नव्हतं. ऐन वेळच्या विषयांत अख्खी गटारयोजना मंजूर झालेली मी माझ्या गावात ऐकलेली आहे, त्यामुळं पटलं. पण पुढची बैठक जानेवारीत. दोन महिने चिखल तसाच? तसाच. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

कौन्सिलच्या हातात तसं फार नसतंच. रस्त्यातले खड्डे काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे. कचरा आणि बांधकाम परवानग्या डिस्ट्रिक्टच्या. कुणी घर वाढवायला अर्ज केला की आम्हाला एकवीस दिवसांत मत कळवायचं, निर्णय त्यांचा. आमचं म्हणजे स्मशानभूमीचं गवत, दोन बाकडी, एक लाल फोनचा खोका आणि नोटीस बोर्ड. हा खोका टेलिफोन कंपनीकडून एक पौंडाला घेतलेला. कंपनीच्या तशा योजनेत अशा कितीतरी गावांनी घेतलेत. आत फोनच्या जागी आता हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. या सगळ्याचा वर्षाचा खर्च अकरा हजार पौंड, तो घरपट्टीसारख्या करातूनच वेगळा मागून घेतात.

नवीन मेंबराला जे काम देतात ते मला मिळालं: दर आठवड्याला खोक्यातल्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला आहे ना ते बघणं, आणि नोटीस बोर्डाची किल्ली. पितळेची बारीक किल्ली, दोरीत ओवलेली. आधीच्या आजोबांनी नॉरफोकला जाताना ती क्लार्कबाईंकडं दिली होती, सोबत चिठ्ठी: 'उजवीकडं वळवण्याआधी थोडी उचला.' ती चिठ्ठी मला देताना बाई म्हणाल्या की अजेंडा बैठकीआधी 'तीन पुरे दिवस' लागलेला पाहिजे. मी म्हटलं, हो, तीन दिवस.

जानेवारीची बैठक पुन्हा मंगळवारी. अजेंडा बुधवारी ईमेलनं आला. नववा विषय माझा: रस्त्यावरचा चिखल. छापलेला कागद हातात घेऊन मला जरा भरूनच आलं होतं, खोटं का बोला. गुरुवारी संध्याकाळी गेले. कडाक्याची थंडी, चौकटीवर हिमाचा पांढरा थर. किल्ली आत गेली, उचलली, वळेना. हातमोजे काढले, वळेना. फुंकर घातली. तोंडात वाफ धरून कुलपावर सोडली. बोटं बधिर झाली, अंधार पडला. उद्या बघू, म्हटलं. उद्या शुक्रवार, मंगळवारपर्यंत शनिवार, रविवार, सोमवार, मोजून तीन. घरी जाऊन आमटी-भात खाल्ला.

शुक्रवारी दुपारी ऊन आलं, कुलूप सुटलं, कागद चार टाचण्यांनी लावला, फोटो काढून क्लार्कबाईंना पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"हा फोटो आजचा आहे?"

"हो."

"काल नाही?"

मग त्यांनी मला मोजून दाखवलं, आवाज न चढवता. लावला तो दिवस धरायचा नाही. बैठकीचा दिवस धरायचा नाही. आणि रविवार धरत नाहीत, शनिवार मात्र इथं धरतात. राहिले शनिवार आणि सोमवार. दोन. मंगळवारची बैठक बेकायदा. "उघड्या बाजूला लावला असतात तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "कायद्याला फक्त गावातली ठळक जागा पाहिजे. कुलूप आम्ही लावलंय." काचेवर चिकटपट्टीनं लावायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

बैठक एक आठवडा पुढं गेली. सहा माणसांना फोन गेले. एका घराच्या बांधकामावर मत द्यायची मुदत त्यामुळं टळत होती, बाईंनी डिस्ट्रिक्टकडून चार दिवस वाढवून घेतले. नव्या तारखेचा अजेंडा लगोलग लावला, या वेळी दोन्ही बाजूंना. कारण कुठं छापलं नव्हतं. महिन्याच्या घडीपत्रकात 'बैठक पुढे ढकलली आहे' एवढीच ओळ. पण दोनशे सत्तर मतदार. रविवारी पबमध्ये गेलो तर बारमागचा मुलगा ग्लास पुसत म्हणाला, "आज मोजायचा नाही, ना?" त्याच्या शेजारचे दोघं भिंतीकडं तोंड करून हसले. मला राग आला. मग लक्षात आलं की चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी इथं माझी थट्टा करत होतं. थट्टा करायला माणूस ओळखीचा लागतो. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "चिप्स गार होतायत."

बैठक झाली. नववा विषय आला तेव्हा मी पाट्यांच्या तीन किमती घेऊन तयार. अध्यक्ष म्हणाले, त्या विषयात हितसंबंध माझा आहे, मी बाहेर जातो. आणि टोपी घेऊन गारठ्यात उभे राहिले. उपाध्यक्षांनी विचारलं, सध्या परिस्थिती काय? सायकलवाली मागच्या खुर्चीवरून म्हणाली की नाताळाआधीच फाटकाच्या दोन्ही बाजूंना 'रस्त्यावर चिखल' अशा पाट्या लागल्यात आणि संध्याकाळी ट्रॅक्टरला ब्रश लावून रस्ता झाडला जातो. कुणी केलं? सगळ्यांनी दाराकडं बघितलं. इतिवृत्तात दोन शब्द गेले: 'नोंद घेतली.' माझ्या तीन किमती अजून फायलीत आहेत. कुणीतरी जाऊन अध्यक्षांना आत बोलावलं, आणि त्यांनी येताना हीटरात नाणं टाकलं.

त्या आठवड्यात एके सकाळी दारात डब्ल्यूडी-फॉर्टीचा, म्हणजे अडकलेली कुलपं सोडवायच्या तेलाच्या फवाऱ्याचा, निळा-पिवळा डबा ठेवलेला दिसला. नाव नाही. टोपणावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेनानं लिहिलेलं: 'गुरुवारसाठी'. बारीक लाल नळीनं कुलपात दोनदा फवारा मारला; किल्ली न उचलतासुद्धा वळली.

मार्चचा अजेंडा मी बुधवारीच लावला. चारही टाचण्या सरळ, काच पुसलेली. मागं एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन थांबले होते. त्यांनी चष्मा वर करून कागद तळाच्या सहीपर्यंत वाचला, मग घड्याळाकडं बघितलं.

"बुधवार," ते म्हणाले. "जरा घाईच झाली."